परदेशातील कायम वास्तव्य : चार देश, चार वाटा

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील घरी आले. विद्यार्थी आता एकतीस वर्षांचा आहे. यंत्रअभियांत्रिकीची पदवी घेऊन तो बेळगावच्या एका फौंड्रीत पाच वर्षे काम करीत आहे, आणि त्याची पत्नी पदवीधर परिचारिका आहे. वडिलांनी पिशवीतून तीन छापील पत्रके काढून माझ्यापुढे मांडली. एकावर कॅनडाच्या कायम वास्तव्याची 'हमी' होती, दुसऱ्यावर ऑस्ट्रेलियाचा 'खात्रीचा मार्ग' होता, तिसऱ्यावर जर्मनीतील 'त्वरित स्थायिकता' होती. प्रत्येक पत्रकाखाली आगाऊ भरावयाची रक्कम लिहिलेली होती. ते म्हणाले, "सर, यातला खरा रस्ता कोणता तेवढे सांगा. शेताचा तुकडा विकायला काढला आहे."

मी शाळामास्तर आहे, वकील नव्हे. परंतु ज्या मुलाला आपण अपूर्णांक शिकविले, त्याच्या बापाने शेत विकण्यापूर्वी निदान हिशोब तरी नीट मांडावा, एवढे कर्तव्य मास्तरकडे येतेच. त्या आठवड्यात त्या त्या सरकारांची प्रसिद्ध झालेली नियमपत्रके वाचून मी जो हिशोब मांडला, तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

घर सोडून दूर जाणे हे आपल्या लोकांना नवे नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आज जी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, त्यांचे पूर्वज होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या फौजांबरोबर आणि दप्तरांबरोबर तेथे गेले. त्यांना कोणी गुण दिले नाहीत की रांगेत उभे केले नाही. आजच्या जगात मात्र देशाच्या वेशीवर दरवान आहे, आणि त्याच्या हातात नियमांचे पुस्तक आहे.

हे पुस्तकही एकेकाळी फार निराळे होते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया हे देश पूर्वी माणसाचे कसब पाहण्याआधी त्याचा वंश पाहत. १९६७ साली कॅनडाने गुणांची पद्धत सुरू केली. शिक्षण किती, भाषा कशी, वय काय, एवढेच विचारायचे आणि जन्मभूमी विचारायची नाही, हे तिचे तत्त्व होते. ऑस्ट्रेलियाने आपले गोऱ्यांपुरते धोरण १९७३ साली अखेरचे मोडीत काढले. अमेरिकेने देशवार जुने कोटे १९६५ च्या कायद्याने रद्द केले. आपली मुले आज ज्या वाटांनी जातात, त्या वाटा या बदलांतून निघालेल्या आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कामाचा परवाना आणि कायम वास्तव्य या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे प्रथम पक्के ध्यानात घ्यावे. कामाचा परवाना म्हणजे भाड्याचे घर. मुदत संपली अथवा नोकरी गेली की सामान बांधावे लागते. कायम वास्तव्यात नोकरी सुटली तरी घर सुटत नाही. तथापि तेही नागरिकत्व नव्हे. मतदानाचा हक्क त्यात सहसा नसतो, पारपत्र भारताचेच राहते, आणि दीर्घकाळ बाहेर राहिल्यास हक्क धोक्यात येतो. कॅनडात पाच वर्षांत निदान ७३० दिवस त्या देशात काढावे लागतात. जर्मनीचा स्थायिकतेचा परवाना सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास सर्वसाधारणपणे संपुष्टात येतो.

म्हणून कोणतीही वाट तपासताना तीन प्रश्न विचारावेत. निवड कोण करतो? कायम वास्तव्य जाताक्षणी मिळते की काही वर्षे काम केल्यावर मिळते? आणि मधल्या काळात नोकरी गेली तर धोका कोणाच्या माथी पडतो?

पहिली वाट कॅनडाची. जानेवारी २०१५ पासून तेथे 'एक्स्प्रेस एन्ट्री' नावाची व्यवस्था आहे. २०२५ सालच्या नियमांनुसार तिच्यात तीन वर्ग होते : परदेशातून येणारे कुशल कामगार, कॅनडात निदान एक वर्ष कुशल काम केलेले, आणि हस्तव्यवसायातील कारागीर. पहिल्या वर्गासाठी शंभरांपैकी ६७ गुण लागतात. भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, ठरलेल्या नोकरीला १० आणि जुळवून घेण्याच्या क्षमतेला १० अशी ही वाटणी आहे.

आमच्या विद्यार्थ्याचा हिशोब पाहा. वयाचे १२, पदवीचे २१, पाच वर्षांच्या अनुभवाचे १३, मिळून ४६ झाले. इंग्रजीच्या परीक्षेत तो कॅनडाच्या मोजपट्टीवर सातव्या पायरीवर राहिला तर भाषेचे १६, म्हणजे एकूण ६२, आणि दार बंद. आठव्या पायरीवर गेला तर भाषेचे २०, एकूण ६६. एका गुणाने दार बंद! पण पत्नीनेही इंग्रजीची परीक्षा देऊन चौथी पायरी जरी गाठली, तरी पाच गुण वाढतात, आणि ७१ होऊन दार उघडते. कुटुंबाचा अर्ज हा एकट्या पुरुषाचा अर्ज नव्हे, हे येथे दिसून येते.

परंतु हे दार म्हणजे केवळ अंगणाचे दार. आत गेल्यावर सर्व उमेदवारांची १,२०० गुणांच्या दुसऱ्या मोजपट्टीवर क्रमवारी लागते, आणि सरकार ठराविक काळाने वरच्या क्रमांकांना निमंत्रण देते. पत्रकांत हा दुसरा टप्पा लिहिलेला नसतो. आमच्या जोडप्याचा हिशोब, दोघांचेही इंग्रजी आठव्या पायरीवर धरून, साडेतीनशे गुणांच्या आसपास येतो. २०२५ साली कॅनडातील अनुभवी कामगारांसाठी ज्या निवडफेऱ्या झाल्या, त्यांची पातळी पाचशेच्या वर होती. पहिल्या टप्प्यात उत्तीर्ण झालेला उमेदवार दुसऱ्या टप्प्यात फार मागे असू शकतो, आणि निमंत्रणाची वाट पाहत त्याचे वय मात्र वाढत जाते. तिसाव्या वर्षापासून दर वाढदिवसाला निदान पाच-सहा गुण गळतात, आणि पंचेचाळीसाव्या वर्षी वयाचे गुण शून्य होतात.

मग उपाय काय? पहिला उपाय भाषेचा. त्याच विद्यार्थ्याने आठव्याऐवजी नववी पायरी गाठली, तर गुण साठाच्या आसपास वाढून चारशेच्या पुढे जातात, कारण चांगली भाषा शिक्षणाचे आणि अनुभवाचेही मोल वाढविते. दुसरा उपाय प्रांताचा. एखाद्या प्रांताने नामनिर्देशन केले तर एकदम ६०० गुण मिळतात. तिसरा उपाय विशेष वर्गांचा. २०२३ पासून आरोग्यसेवा, हस्तव्यवसाय, फ्रेंच भाषा अशा वर्गांसाठी वेगळ्या फेऱ्या निघू लागल्या. मार्च २०२५ मधील फ्रेंच जाणणाऱ्यांच्या एका फेरीत ३७९ गुण पुरले. आमच्या जोडप्यात परिचारिका पत्नी आहे. तेव्हा मुख्य अर्जदार नवरा असावा की बायको, हा प्रश्न मानापमान बाजूस ठेवून हिशोबाने सोडवावा.

आणखी एक सूचना. नोकरीचे पत्र दाखविले की गुण वाढतात, असे सांगून ते पत्र विकणारे लोक पुष्कळ आहेत. या दुसऱ्या मोजपट्टीवर नोकरीच्या पत्राला मिळणारे गुण कॅनडाने २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले, आणि त्याचे एक कारण हा बनावट पत्रांचा व्यापार हेच होते. शिवाय, उमेदवार म्हणून नाव नोंदविण्यास कॅनडाचे सरकार काहीही शुल्क घेत नाही. केवळ 'नाव नोंदविण्यासाठी' कोणी मोठी रक्कम मागितली, तर ती त्याच्या स्वतःच्या खिशासाठी आहे असे समजावे.

दुसरी वाट ऑस्ट्रेलियाची. तेथेही गुणच आहेत, पण मांडणी निराळी आहे. आधी आपल्या व्यवसायाच्या अधिकृत संस्थेकडून कसबाची तपासणी करून घ्यावी लागते. अभियंत्यांसाठी ती संस्था म्हणजे 'इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया'. किमान गुण ६५ आहेत, आणि निमंत्रणाच्या वेळी वय ४५ च्या आत असावे लागते. २५ ते ३२ या वयाला ३० गुण, पदवीला १५, परदेशातील पाच वर्षांच्या अनुभवाला १०, आणि चांगल्या इंग्रजीला १० वा २० आहेत. आमच्या विद्यार्थ्याचे, इंग्रजीचे १० धरून, बरोबर ६५ भरतात. पत्नीच्या कसबाची तपासणी झाली आणि तिचे इंग्रजी व व्यवसाय नियमांत बसले, तर आणखी १० मिळतात. मात्र तेहेतीस वर्षे पुरी होताच त्याच्या वयाचे पाच गुण कमी होतील. त्याच्या हातात दोन वर्षांहून कमी अवधी आहे.

तेथे तीन दारे आहेत. १८९ क्रमांकाचा व्हिसा कोणाच्याही शिफारशीवाचून मिळतो, आणि जाताक्षणीच कायम वास्तव्य देतो. पण ६५ ही केवळ पात्रता आहे, निमंत्रणे त्याहून वरच्या गुणांना जातात. १९० क्रमांकात घटकराज्याचे नामनिर्देशन लागते. त्याचे ५ गुण मिळतात, आणि हाही कायमच आहे. ४९१ क्रमांक मोठ्या शहरांबाहेरील प्रदेशांसाठी आहे. त्याचे १५ गुण मिळतात, परंतु तो पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे. तेथे तीन वर्षे नियमाप्रमाणे राहून काम केल्यावर १९१ क्रमांकाचे कायम वास्तव्य मागता येते. म्हणजे गुण अधिक हवे असतील, तर त्यांची किंमत काही वर्षांच्या अनिश्चिततेने मोजावी लागते. ही किंमत मोजू नये असे मी म्हणत नाही. ती किंमत आहे हे ठाऊक असावे, एवढेच.

तिसरी वाट जर्मनीची. येथे सारा व्यवहार उलटा आहे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया आधी माणूस निवडतात, नोकरी तो मागाहून शोधतो. जर्मनीत आधी नोकरी, मग प्रवेश, आणि काही काळाने कायम वास्तव्य. मान्य पदवी आणि ठराविक वेतनाचा करार असेल तर 'निळे कार्ड' मिळते. २०२५ साली ही वेतनमर्यादा सर्वसाधारणपणे वर्षाला ४८,३०० युरो होती, आणि टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी, ज्यांत अभियंते येतात, ४३,७५९ युरो ८० सेंट होती. हे आकडे दरवर्षी बदलतात.

निळ्या कार्डावर काम करणाऱ्यास जर्मन भाषेची बी-एक पातळी गाठल्यास २१ महिन्यांत, आणि केवळ ए-एक पातळी असल्यास २७ महिन्यांत स्थायिकतेचा परवाना मागता येतो. त्या काळात निवृत्तिवेतन निधीत वर्गणी भरलेली असावी लागते. इतर कुशल कामगारांना हाच काळ तीन वर्षांचा आहे. निळ्या कार्डाला वयाची उतरती शिडी नाही, आणि पती अथवा पत्नीला तेथे काम करण्याची मुभा आहे. मात्र परिचारिकेसारख्या व्यवसायात पदवीची अधिकृत मान्यता आणि सर्वसाधारणपणे बी-दोन पातळीची जर्मन भाषा आल्यावाचून पूर्ण काम मिळत नाही. नोकरी हाती नसणाऱ्यांसाठी १ जून २०२४ पासून 'संधी-कार्ड' निघाले आहे. त्यावर एक वर्षापर्यंत तेथे राहून नोकरी शोधता येते. पण ते शोधण्याचे कार्ड आहे, स्थायिक होण्याचे नव्हे. त्या तिसऱ्या पत्रकात 'त्वरित स्थायिकता' म्हणून जे विकावयास काढले होते, ते हेच होते.

या वाटेचा धोका स्पष्ट आहे. पहिली दोन वर्षे नोकरीचा आधार टिकला पाहिजे. लाभही स्पष्ट आहे. मुदत ठरलेली आहे, आणि ती कमी करण्याची किल्ली, म्हणजे भाषा, आपल्याच हातात आहे.

चौथी वाट अमेरिकेची. तेथे गुण नाहीत, रांग आहे. एच-१बी या कामाच्या परवान्यावर दरवर्षी ८५ हजार नवी माणसे घेण्याची मर्यादा आहे. तो परवाना सहा वर्षांचा असतो. मालकाने कायम वास्तव्यासाठी केलेला अर्ज मंजूर झाला असेल, तर त्याची मुदत पुढेही वाढते. सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्षांच्या घोषणेने, देशाबाहेरील माणसासाठी केलेल्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची रक्कम लावण्यात आली. ते सारे ओलांडून माणूस गेला, तरी पुढे हिरव्या कार्डाची रांग आहे.

१९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार कायम परवाने ठरविले. त्यांत कुटुंबीयही मोजले जातात. आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. परिणाम असा, की २०२५ सालच्या सरकारी पत्रकांत भारतात जन्मलेल्या पदवीधर कुशल कामगारांचे जे अर्ज विचारात घेतले जात होते, ते २०१३ च्या सुमारास रांगेत लागलेले होते. आज रांगेच्या शेवटी उभा राहणारा माणूस किती वर्षे थांबेल, हे या बारा वर्षांवरूनही काढता येत नाही, कारण त्याच्या पुढील रांग त्याहून लांब आहे. या काळात मुले मोठी होतात. एकविसाव्या वर्षी मूल कायद्याच्या दृष्टीने बापाच्या अर्जातून बाहेर पडते. ज्या मुलाला अमेरिकेवाचून दुसरा देश ठाऊक नाही, त्याला स्वतंत्र परवाना शोधावा लागतो.

गोव्यातील श्रोत्यांसाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या आधाराने पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदविणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. अमेरिकेची रांग पारपत्र पाहत नाही, जन्मभूमी पाहते. तेव्हा पोर्तुगीज पारपत्राने ती रांग चुकत नाही. ३१ डिसेंबर २०२० नंतर ब्रिटनमध्ये नव्याने राहण्याचा हक्कही त्या पारपत्राने मिळत नाही. जर्मनीत मात्र युरोपीय संघाचा नागरिक म्हणून निळ्या कार्डावाचून राहता आणि काम करता येते. पण त्यासाठी भारतीय नागरिकत्व गमवावे लागते, कारण आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. चारही वाटांवरील कायम वास्तव्यात मात्र माणूस भारताचा नागरिक राहतो. हा फरक घरात नीट बोलून घ्यावा.

आता या चार वाटा शेजारी ठेवून पाहू. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात अनिश्चितता निघण्यापूर्वी असते. वाट पाहण्याचे दिवस आपण आपल्या घरी, आपल्या नोकरीत काढतो, आणि निवड झाली की बहुधा पहिल्या दिवसापासून पाय रोवता येतो. जर्मनीत अनिश्चितता पोहोचल्यावर असते, पण ती महिन्यांत मोजता येते. अमेरिकेत वेतन मोठे असले तरी भारतीयांपुरती अनिश्चितता वर्षांतही मोजता येत नाही. तिशीच्या आत असून इंग्रजी उत्तम असणाऱ्याने गुणांच्या देशांचा विचार आधी करावा. चाळिशीकडे झुकलेल्या, पण हातात पक्के कसब आणि नोकरी मिळविण्याची शक्ती असलेल्या माणसाला जर्मनीची वाट अधिक न्यायाची वाटेल.

नियम बदलतात, हेही विसरू नये. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराला पाच वर्षांनी स्थायिक होण्याचा मार्ग होता. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत तेथील सरकारने हा सर्वसाधारण काळ दहा वर्षांचा करण्याची सूचना मांडली. निम्म्या वाटेवर असलेल्या माणसांच्या काळजाचा ठोका तेव्हा चुकला असेल. म्हणून नियम नेहमी त्या त्या सरकारच्या स्वतःच्या प्रकाशनात पाहावेत. जर्मनीचे 'मेक इट इन जर्मनी' हे सरकारी माहितीस्थळ तर इंग्रजीतही आहे.

हे सर्व सांगून झाल्यावर विद्यार्थ्याचे वडील थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, "आणि आमचे काय, सर? आम्हाला नेता येते का?" खरे उत्तर देणे भाग होते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका यांच्या कुशल कामगाराच्या अर्जात पती-पत्नी आणि मुले येतात, आईवडील येत नाहीत. त्यांच्यासाठी निराळे आणि अवघड मार्ग आहेत. जर्मनीने १ मार्च २०२४ नंतर प्रथम परवाना मिळालेल्या कुशल कामगारांच्या आईवडिलांसाठी एक दार उघडले आहे. परंतु त्यांच्या निर्वाहाचा आणि आजारपणाच्या विम्याचा भार मुलाने उचलावा लागतो, आणि उतारवयात असा विमा मिळणे सोपे नसते. मुलगा जातो तेव्हा बहुधा आईवडील मागे राहतात. हा खर्च कोणत्याही पत्रकात छापलेला नसतो.

शेताचा तुकडा अजून विकलेला नाही. आगाऊ रक्कमही कोणाला दिलेली नाही. सून जर्मन भाषेच्या वर्गाला जाऊ लागली आहे, आणि मुलगा इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करीत आहे. मी त्याला लेखनाचे धडे तपासून देतो. तो जाईल की राहील, हे मला ठाऊक नाही. पण जो निर्णय होईल तो पत्रकावरच्या 'हमी' या शब्दावर होणार नाही, चौघांनी मिळून मांडलेल्या हिशोबावर होईल. परवा वडील पुन्हा येऊन गेले. या खेपेला त्यांच्या पिशवीत पत्रके नव्हती. सुनेच्या जर्मन शब्दांची वही होती, आणि त्यातला पहिला धडा त्यांनी स्वतःच मला वाचून दाखविला.